अर्धशिशीची गोळी

अक्कानं रुपेरी पट्टीतून गोळी फोडली आणि धाकट्या भावाच्या तळहातावर ठेवली.

“गीळ मुकाट्यानं. माझ्या अर्धशिशीची आहे. घटकाभरात डोकं पिसासारखं होतं की नाही बघ.”

भावानं इस्त्री उभी केली. सकाळपासून त्याचं अर्धं कपाळ ठणकत होतं, आणि लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचा ढीग तसाच पडला होता.

“आई, मामांना नका देऊ,” घड्या घालता घालता सून म्हणाली. “दुसऱ्या कुणाला द्यायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. त्यातून मामांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं.”

“दुसरा कोण गं? एका आईच्या पोटचे आम्ही, डोकंसुद्धा एकाच बाजूला दुखतं. आणि तुझा डॉक्टर म्हणजे कालचं पोर! तू चादरी बघ.”

भाऊ हसला. “अक्कापुढं डॉक्टर काय चीज!”

ताप असो की पोटदुखी, त्या घरात औषध अक्काच्या डब्यातूनच निघायचं. गुण आला की तिला येऊन तसं सांगावं लागे. विसरलात, तर दोन दिवस अबोला.

या वेळी गुण येईना. चहानंतर तिनं दुसरी गोळी दिली. सून तोंड उघडणार तोच अक्कानं तिच्याकडं असं पाहिलं, की ती पुन्हा घड्या घालू लागली.

शेवटची चादर अर्धी झाली होती. भावाचा हात छातीशी गेला, सदरा घामानं भिजला. इस्त्री चादरीवर तशीच राहिली; आधी जळका वास आला, मग तो खाली बसलेला दिसला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आज काही वेगळं औषध घेतलंत?”

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असलेल्या भावानं मान हलवली. नाही.

सून भिंतीला टेकून उभी होती. अक्कानं वाट पाहिली. आता ही बोलणार, चारचौघांत बोलणार. सुनेनं नजर फरशीवरून उचलली नाही.

अक्कानं कमरेची पिशवी सोडली आणि फोडलेली पट्टी बाईंच्या हातात दिली.

“खोटं बोलतोय तो. मी दिली. दोन. ही नको नको म्हणत होती.”

“अहो, हिनं रक्तवाहिन्या आवळतात!” बाई ओरडल्या. दोन वॉर्डबॉय धावत आले, खाट ढकलत दाराकडं निघाली.

जाता जाता भावानं मास्क जरासा सरकवला.

“अक्का,” तो पुटपुटला, “डोक्याला गुण आला गं.”

दार मिटलं. सुनेनं हातानं बाक पुसला.

अक्का उभीच राहिली.