सुकदेवनानांना धुळं दाखवायचं होतं

मी चाकांची खुर्ची. मला बघितलं की लोक आधी माझ्यात बसलेल्या माणसाकडे बघतात आणि लगेच नजर वळवतात. म्हणून माझं कुणी कधी ऐकलेलं नाही. आज ऐकणार असाल तर सांगते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. आठवतं ते जळगावचा एक दवाखाना. फाटकापासून वॉर्डापर्यंत आणि वॉर्डापासून फाटकापर्यंत, एवढंच माझं जग. कुणी दहा मिनिटं बसायचं, कुणी पाच. नावं कळायच्या आत माणसं उतरून जायची. नव्या खुर्च्या आल्या तेव्हा मला जिन्याखाली सारलं. तिथूनच ताईबाई मला चोपड्याला घेऊन गेल्या.

त्यांचे यजमान सुकदेवनाना एसटीत ड्रायव्हर होते. चोपडा-धुळे गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. पण धुळ्याचं बसस्टँड आणि तिथली विश्रांतीची खोली सोडली, तर त्या शहरातलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. निवृत्त झालो की तुला धुळं फिरवून आणतो, असं ते ताईबाईंना सांगत आले होते. निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पण ते घरापुरतंच. ओट्यावर कुणी आलं की नाना तोंड भिंतीकडे करायचे.

ताईबाई त्यांना उठवत, अंघोळ घालत, भरवत, माझ्यात बसवून दारापर्यंत नेत. माझ्या मुठींवर त्यांचे हात असायचे. त्या हातांत राग नव्हता, कंटाळाही नव्हता. नुसता दाब होता. पहिलं वर्ष त्या रडल्या असतील, मी तेव्हा नव्हते. मी आले तेव्हा रडणं, हसणं दोन्ही संपलेलं होतं. घड्याळाचे काटे फिरतात तशा त्या घरात फिरायच्या.

नाशिकला दिलेली मुलगी दिपमाला फोनवर म्हणाली, बाबांना घराबाहेर काढ, एक दिवस कुठेतरी ने. ताईबाईंनी नानांना विचारलं, धुळ्याला जायचं का. नाना पंख्याकडे बघत राहिले. ताईबाईंनी तो होकार धरला.

मग तयारी सुरू झाली. पुतण्या कुंदनची व्हॅन होती. तो ठिकाणं सांगायचा आणि ताईबाई जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायच्या: लळिंगचा किल्ला, एकवीरा देवी, संग्रहालय, पांझरेकाठची बाग, शेवटी आग्रा रोडचा बाजार. माणसं सहलीचा बेत करतात तेव्हा काय काय बघायचं ते बोलतात. ताईबाई प्रत्येक नावापुढे एकच विचारायच्या, पायऱ्या किती. उतार आहे का, संडास कुठे, सावली आहे का. कुंदन ओळखीच्यांना फोन लावून विचारायचा. किल्ल्यापुढे त्यांनी लिहिलं, ‘खालूनच’.

डिसेंबरातल्या एका सकाळी निघालो. मला घडी करून मागे ठेवलं. अमळनेरमार्गे धुळं गाठलं आणि सरळ पुढे लळिंगला गेलो. कुंदनने गाडी रस्त्याकडेला घेतली, काच खाली केली आणि नानांना किल्ला दाखवला. नाना हायवेवरून जाणारे ट्रक बघत होते. पाच मिनिटांनी ताईबाई म्हणाल्या, झालं, चला.

देवीच्या देवळापाशी दोन भली माणसं मला उचलायला पुढे आली. नानांनी डाव्या हाताने माझा दांडा घट्ट धरला आणि नकारार्थी मान हलवली. ताईबाई एकट्या आत गेल्या आणि लगेच प्रसाद घेऊन आल्या. संग्रहालयात जुन्या दगडी मूर्ती पाहिल्या. पाहिल्या म्हणजे त्यांच्यासमोरून गेलो. दुपारची भाकरी गाडीतच खाल्ली, कारण चारचौघांत भरवून घेणं नानांना नको होतं. ताईबाई कॅलेंडरच्या कागदावर एकेक नाव खोडत होत्या, बाकी काही नाही. मला वाटलं, हा दिवस असाच जाणार आणि संध्याकाळी घर येणार.

पांझरेकाठच्या बागेत पोचलो तेव्हा नानांची पाठ भरून आली होती. दोघांनी मिळून त्यांना सिमेंटच्या बाकावर बसवलं आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. बाक भरून गेला. कुंदन चहा आणायला गेला. ताईबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग इकडेतिकडे बघून माझ्यात बसल्या.

इतके दिवस मला त्यांच्या हातांची ओळख होती, वजनाची नव्हती. केवढी हलकी होती ती बाई. माझ्या कापडाला धड झोळही पडला नाही.

तेवढ्यात फिरायला आलेली एक वयस्कर बाई जवळ थांबली. चेहरा मायाळू होता. ताईबाईंकडे बघून तिने नानांना हळूच विचारलं, “यांना केव्हापासून असं आहे हो?”

नानांचा वाकडा झालेला ओठ थरथरला. आता हे तोंड फिरवणार असं मला वाटलं. ते एकेक शब्द ओढून काढत आपल्या अहिराणीत बोलले,

“तिले काही व्हयेल नही. दोन वरीस पाईन माले ढकली ढकली थकेल शे ती. बसू द्या तिले.”

ती बाई ओशाळली, हात जोडून निघून गेली. ताईबाई नानांकडे बघत राहिल्या. त्यांनी मान मागे टेकली, डोळे मिटले आणि त्या झोपल्या. इतक्या गाढ की त्यांचा पाय माझ्या पायपट्टीवरून घसरून मातीला लागला.

कुंदन चहा घेऊन आला आणि त्यांना उठवू लागला. नानांनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. चहा गार झाला. बाजाराची वेळ निघून गेली. नाना उशांच्या मध्ये ताठ बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोंड करून, झोपलेल्या बायकोची राखण करत होते.

त्यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. नाना चालले नाहीत, फार बोललेही नाहीत. मी तशीच दारात असते. माझ्या डाव्या चाकाचं रबर निघालंय, ते सुतळीने बांधलंय. मी आता फार दिवस चालणार नाही.

जायच्या आधी एवढंच मागते. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी आली, तर तिच्यात बसलेल्याची चौकशी सगळे करतीलच. तिच्या मागे जो उभा असेल, त्यालाही विचारा. लोकांसमोर, नाव घेऊन विचारा, थकलास का म्हणून.