मोठ्या मापाचा सूट

समुद्राला आज मजले होते. वरच्या मजल्यावर पाणी हिरवं, कोमट. खालच्या मजल्यावर काळसर, थंड. मध्ये दार आणि दाराला उंबरठा.

वाम माशाचं तोंड सतत उघडं असतं. तो रागावलेला नसतो. त्याला तसाच श्वास घ्यावा लागतो.

बाबांनी जाताना बोट आम्हा दोघा भावंडांच्या नावावर केली.

शंखात राहणारे खेकडे वाढले की घर बदलतात. वाळूवर मापाप्रमाणे रांग लावतात. पुढचा नव्या शंखात शिरला की त्याच्या शंखात मागचा, मागच्याच्या शंखात त्याच्याही मागचा.

गजादादा आणि मी पर्यटकांना पाण्याखालचे खडक दाखवतो. उतरण्याआधी तो माझे पट्टे, नळी, हवा तपासतो आणि मी त्याची. स्वतःचं स्वतः तपासायचं नाही, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही.

"सगळा बरोबर आसा, शेवू," तो म्हणाला. "उतर. आज पाणी नाय, फ्रीज आसा."

आम्ही उंबरठा ओलांडला. माझे दात वाजायला लागले.

खाली वाळूवर माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांच्या अंगात रबरी सूट, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. रांगेच्या तोंडाशी एक सूट नुसताच उभा होता, आत कोणी नसलेला. नवा, जाड, थंडीतही ऊब धरणारा. गजादादा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे मी. माझ्यामागे माझ्याच उंचीची एक बाई.

पाण्याखाली आम्ही हातांनी बोलतो. तो तोंडाने बोलला आणि मला ऐकू आलं.

"तुझो सूट तुका कमी पडता. ह्यो तुझो."

"आतसून बघलंस?"

"मी नाय तर कोण बघतलो?"

खेकडा नवा शंख आधी नांगीने आतून चाचपतो, मगच आपला सोडतो. मी चाचपला नाही. ते दादाचं काम. मी माझ्या सुटातून बाहेर आले.

तेवढ्यात गजादादा अंगातल्या सुटासकट नव्या सुटात शिरला. ती बाई माझ्या सुटात शिरली. तिच्यामागे रांग शेवटपर्यंत सरकली, दारामागून दारं लागावीत तशी. शेवटी एक सूट उरला, लहान मुलाचा, गुडघ्यावर फाटलेला.

"दादा, तुझ्या आंगातलो नवो सूट माझो होतो."

"बोलूचा तर रांगेत असतानाच बोलूक होया होता, गो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्या केसांत अडकलेला शेवाळाचा धागा त्याने काढला आणि सगळ्यांना घेऊन वर निघाला. दार त्यांच्यामागे लागलं.

उरलेला सूट मी घालून पाहिला. तो कोपरापर्यंत आला.

मग वरचा मजला खाली यायला लागला. आधी तो माझ्या हाताच्या उंचीवर होता, मग कपाळाशी. मी बसले. मग आडवी झाले, खाटेखाली झोपावं तशी. समुद्रफुलं एकेक करून मिटली. पाकट वाळूत सपाट झाले. त्यांना तेवढी जागा पुरत होती. छतातून स्वच्छ दिसत होतं. बोटीचं बूड, शिडी, शिडीवर माझे पाय.

पास्कूकाका आमची बोट चालवतात. मला त्यांनी लहानपणी पोहायला शिकवलं आहे.

"शेवंते, आज बेगीन इलंस?" त्यांनी विचारलं.

"पाणी थंड आसा, काका," ती बाई माझ्या आवाजात म्हणाली.

"तुका आणि थंडी! म्हातारी झालंस गो."

ती हसली. माझ्यासारखीच, नाकातून. मी खालून छतावर हात आपटले. पास्कूकाकांनी पाण्याकडे पाहिलं, नीट माझ्या तोंडाकडेच पाहिलं.

"वाम दिसता," ते म्हणाले.

गजादादाने तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. इंजिन सुरू झालं. छत माझ्या नाकाला टेकलं.

सकाळी पोहे खाताना गजादादाने माझ्या ताटलीतल्या मिरच्या वेचून स्वतः खाल्ल्या होत्या.