वारलूभाऊंची मूळव्याध

गडचांदूरजवळच्या एका गावात वारलूभाऊ हागणदारीमुक्ती समितीचे अध्यक्ष होते. पहाटे शिट्टी घेऊन ते नाल्याकाठी उभे राहत आणि लोटा घेऊन येणाऱ्याला नाव घेऊन परत पाठवत. पण स्वतःच्या संडासात रक्त दिसू लागलं, तेव्हा त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

शेजारच्या दसरूला तेवढं विचारलं, तेही मित्राची बिमारी म्हणून.

"मूळव्याध होय," दसरू म्हणाला. "त्याले मिरची सोडाले सांगा."

वारलूभाऊंनी मिरची सोडली, वैदूची पुडी घेतली. रक्त थांबलं नाही. कधी दिवसभर खेपा, कधी काहीच नाही. जाऊन आलं तरी पोट साफ वाटेना. जिना चढताना धाप लागे. अंगावरचं मांस उतरलं, तसे पंधरा ऑगस्टच्या सत्कारात सरपंच म्हणाले, "गावासाठी झिजणं म्हणतात ते हेच." टाळ्या पडल्या. वारलूभाऊंनाही ते पटलं.

भागीरथाबाईंना पटलं नाही. कपडे धुताना त्यांना डाग दिसले होते. त्यांनी नवऱ्याला चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काय त्रास होतो?"

"ग्यास हाय."

"संडासला साफ होते का?"

"आमचं गाव शंभर टक्के हागणदारीमुक्त हाय, म्याडम."

"गावाचं नाई विचारून राह्यल्या त्या," भागीरथाबाई म्हणाल्या. "रक्त जाते यायले. साऱ्या गावाच्या मांगं फिरले, अन् सोताचं सांगाले लाज वाटते."

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. वारलूभाऊंनी उठून दार लावलं.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवून तपासलं. बोटाला गाठ लागली.

"आधी कोणी तपासलं नाही?"

"वैदूनं पुडी देल्ली," भागीरथाबाई म्हणाल्या. "तपासलं कोणी नाई."

दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढला. कॅन्सर निघाला, पण इतर कुठे पसरला नव्हता. नागपुरात ऑपरेशन झालं आणि वारलूभाऊ पोटाला शौचाची पिशवी लावून घरी आले. गावाने निकाल दिला की पुडीने गुण येतच होता, डॉक्टरांनी उगाच पोट कापलं.

एका दुपारी दसरू आला. "भाऊ, पुडी उरली हाय का? मले बी रक्त जाऊन राह्यलं."

वारलूभाऊंनी सदरा वर करून पिशवी दाखवली. "लाजत बसलो, म्हणून एवढं झालं. उद्या चाल माह्यासंगं."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवून तपासलं, तर दसरूला खरोखरच मूळव्याध निघाली. परतीच्या एसटीत तो गाल फुगवून बसला होता.

"फुकट इज्जत गेली," तो म्हणाला.

वारलूभाऊंनी त्याला खिडकीची जागा दिली.