खालचा डोह

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात पांझरेकाठच्या त्या गावात धुळ्याच्या कॉलेजातल्या सुनंदाबाई आल्या. माशांबद्दल लोकांना काय वाटतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"खडस मासा संपत चाललाय. तो राहावा असं वाटतं का तुम्हाला?"

पारावरचे माळकरी म्हणाले, आम्ही खातच नाही, आम्हाला काय त्याचं! खाणारे म्हणाले, चवीला झकास असतो. शेतात विहीर खोदायला काढलेला हिलाल तर हसलाच. "मासास्नी काय कमी शे, बाई? बठ्ठा डोह भरेल शेतस."

त्याची वहिनी झुंबरबाई मागे उभी होती. खालच्या डोहावर ती धुणं धुवायला बसली की खडस थेट तिच्या पायांशी येत. पण हे काय चारचौघांत सांगायचं!

तिसऱ्या दिवशी हिलालच्या विहिरीवर खोदकाम करणाऱ्या गड्यांनी सुरुंगाचा एक तोटा, म्हणजे दारूची कांडी, मासे मारायला वरच्या डोहात उडवला. आवाज ऐकून झुंबरबाई धावत गेली. पाच-सात मोठे खडस टोपलीत पडले होते. बाकी सगळ्या पाण्यावर बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती.

गडी दुसरा तोटा घेऊन खालच्या डोहाकडे निघाले. हिलालही त्यांच्यासोबत होता. झुंबरबाई त्यांच्याआधी तिथे पोचली आणि लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाहेर निंघ!"

"नही निंघाव. पहिले वरनी पिल्ले गोळा कर. कोन खाई त्यास्ले?"

गड्यांसमोर असं ऐकावं लागल्याने हिलाल भडकला. तणतणत वरच्या डोहाकडे गेला आणि तिथे तरंगणारी पिल्लं बघत उभा राहिला. परतला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "तोटा ठी द्या रे. चला, कामले लागा." गड्यांनी तोटा ठेवून दिला.

संध्याकाळी त्यानेच पारावर विषय काढला. खालच्या डोहात सुरुंग नाही, जाळंही नाही. सगळ्यांत आधी मान डोलावली ती माळकरी अभिमननानांनी.

दिवाळीला लेक माहेरी आली, तेव्हा झुंबरबाई तिला घेऊन डोहावर गेली. अभिमननाना काठावर बसून पाण्यात भाकरीचे तुकडे टाकत होते. कुठला मासा नर, कुठला मादी, हे हिलाल त्यांना मोठ्या अधिकाराने सांगत होता. सगळं चुकीचं. झुंबरबाईने ते निवांत ऐकून घेतलं, लेकीकडे बघून हसली आणि धुणं ओलं करायला घेतलं.