ताडपत्रीखालची बॅटरी

सकाळी ताडपत्रीखाली शिरून किल्ली फिरवली तर गाडी नुसती ‘टक’ म्हणाली. पुन्हा फिरवली, तर तेवढंही नाही.

ही आमची व्हॅन. माझ्या नवऱ्याने तिच्यात बसून एकवीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या, आणि त्यातली बरीच वर्षं मी शेजारच्या सीटवर बॉबिनचे डबे मांडीवर घेऊन काढली. चार महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तेव्हापासून गाडी दारासमोर उभी. काल नगरपालिकेचा माणूस येऊन ताडपत्रीवर नोटीस चिकटवून गेला. बंद पडलेल्या गाड्या आज दुपारी तीननंतर उचलणार. चालू असेल तर जागेवरून हलवून दाखवा.

गाडी गेली असती तर मी एक वेळ सोसलं असतं. पण ह्यांचा पलंग खिडकीला लागून आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत तिला साखळी लावून फरफटत नेलेलं मला बघवलं नसतं, आणि त्यांना तर नाहीच नाही.

नणंद मदतीला आली होती.

“वहिनी, चार महिन्यांत एकदाही चालू केली नाहीस?”

“वन्सं, चार महिन्यांत मी धड केससुद्धा विंचरले नाहीत.”

“ते दिसतंच आहे.”

खरं तर गाडी चालू करायची गरजच पडू नये, अशी सोय ह्यांनी करून ठेवली होती. टपावर सोलरची दोन पॅनेलं, मागच्या सीटखाली लिथियमची बॅटरी. तिच्यावर त्यांचा दिवा आणि ड्रिल चालायचं. तिथून एक छोटा चार्जर पुढच्या, इंजिन सुरू करणाऱ्या शिशाच्या बॅटरीला थोडं थोडं पुरवायचा. माझ्या लहानपणी काका ट्रकची बॅटरी सायकलच्या कॅरिअरवर बांधून चार्जिंगच्या दुकानात न्यायचे. अ‍ॅसिडने त्यांच्या सगळ्या शर्टांची चाळण झाली होती. दुकानदार म्हणायचा, परवा या. म्हणजे दोन दिवस ट्रकही बसून आणि काकाही. त्यामुळे ह्यांची ही सोय मला जादूच वाटायची. मग जादू कुठे अडली?

नणंदेने ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि वर पाहिलं. “अगं, पॅनेलंसुद्धा झाकलीस?”

ताडपत्री मीच आणली होती, पहिल्याच आठवड्यात. कबुतरं घाण करतात, धूळ बसते, ते बरे होऊन उठले की गाडी स्वच्छ मिळावी म्हणून आठ ठिकाणी दोऱ्या आवळून बांधल्या होत्या. खाली बिचारी लिथियम स्वतः उपाशी राहून पुढचीला पाजत बसली असणार, आणि ती संपल्यावर पुढचीही संपली.

आणि मग दुसरी गोष्ट उमगली. झटक्यानंतर ह्यांच्याकडे चारच शब्द उरले: हो, नको, पाणी आणि ऊन. खिडकीबाहेर गाडीकडे बघत ते ‘ऊन, ऊन’ करायचे आणि मी पडदा ओढायची. पुन्हा म्हणाले की पंखा वाढवायची. एकदा कपाळावर ओला रुमाल ठेवला, तर डाव्या हाताने त्यांनी तो भिंतीवर भिरकावला. आजारपणाने माणूस चिडका होतो, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

नणंदेला हे सांगितलं. एरवी तिने महिनाभर टोमणे मारले असते. आज ती सरळ दोऱ्यांच्या गाठी सोडायला लागली.

पॅनेलं ओल्या फडक्याने पुसली. दहाच्या सुमारास मागच्या बॅटरीचा दिवा लागला. सव्वाबाराला छोट्या चार्जरचा हिरवा दिवा लागला. मध्ये मी ह्यांना कुशीवर वळवलं, चादर बदलली, चमच्या-चमच्याने भरवलं. पाठ तर अशी भरून आली होती, जणू ती आपली नाहीच.

“इतकं हळू?” नणंद म्हणाली. “ही जाड वायर पडलीय ना, लाव थेट. ह्या बॅटरीतून त्या बॅटरीत. संपला विषय.”

“विषय नाही, गाडी संपेल. लिथियम फार उदार, सगळं एकदम ओतते. वायर तापते, दोन्हींचं वाटोळं होतं. हे म्हणायचे, पाजायचं, घशात ओतायचं नाही.”

“मला नाही कधी सांगितलं दादाने.”

“तुम्ही ऐकून घेता कुठे?”

तीन वाजले, समोरच्या इमारतीची सावली टपावर चढायला लागली, आणि उचलणारा ट्रक आला. त्यातून नगरपालिकेचा माणूस उतरला.

“आजी, नोटीस वाचली ना?”

“वाचली. चार्ज होतेय. अर्धा तास द्या.”

“सगळे हेच सांगतात.”

“मग आधी ती कोपऱ्यावरची निळी उचला,” नणंद म्हणाली. “ती आमच्या आधी मेलीय. नंबराने घ्या ना.”

तो हसला आणि खरंच निळीकडे गेला. पंचवीस मिनिटांनी परतला, तोवर सावलीने दोन्ही पॅनेलं गिळली होती. आता थांबून काही मिळणार नव्हतं. दिवे, पंखा, सगळं बंद केलं. क्लच दाबला. किल्ली फिरवली.

इंजिन कण्हलं. थांबल्यासारखं झालं. पुन्हा कण्हलं, खोकलं, आणि सुरू झालं.

पंधरा-वीस फूट पुढे, शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत नेली. त्या माणसाने फोटो काढला, बाजूला पडलेल्या ताडपत्रीवरची नोटीस फाडली. “तासभर बंद करू नका हं, आजी,” म्हणाला आणि गेला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तिथेच झोपले असते.

इतक्यात नणंद धापा टाकत आली. “वहिनी, दादा रडतोय. त्याला वाटतंय गाडी नेली. खिडकीतून नुसती मोकळी जागा दिसतेय!”

रिव्हर्स घेऊन मला सहा वर्षं झाली असतील. मान तर डावीकडे वळतच नाही. तरी आरशात बघत इंच इंच मागे घेतली. नणंद आत जाऊन खिडकीत उभी राहिली होती.

“ये, ये... अजून ये... बस! दिसली त्याला!”

मी ब्रेक दाबला, श्वास सोडला.

“थांब, थांब. नुसती पाठच दिसतेय. तो ‘नको’ म्हणून मान हलवतोय. अजून मागे घे.”

मी पुन्हा रिव्हर्स टाकला.