दुधाच्या फडताळाच्या कडा

पोशेऱ्याच्या सावळाची बायको हिरी जव्हारला गेली, तेव्हा ती भातकापणीला परत येईल असं ठरलं होतं. भातकापणी झाली, होळी पेटून गेली, पुन्हा भात पिकून कापून झालं, तरी हिरी जव्हारलाच होती.

त्यांची मुलगी महिन्याची होण्याआधीच तापानं गेली होती. नावही ठेवलं नव्हतं. त्याच सुमारास जव्हार संस्थानच्या जंगल खात्यातले रेगे यांची बायको बाळंतपणात वारली आणि मागे मुलगा राहिला. सुईण माघी दोन्ही घरं जाणून होती. ती पोशेऱ्याला येऊन म्हणाली, "हिरे, तुझं दूध वाया चाललंय, आणि तिकडं एक पोर साखरपाण्यावर दिवस काढतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी हिरीनं लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि निघाली. सावळानं तिला अडवलं नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या बाईला घरात ठेवून काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं.

सावळा शेती करून सुतारकाम करायचा. घासलेटच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून तो लाकडी चौकटीवर ठोकायचा. उंदरांना दाद न देणाऱ्या अशा पेट्या बियाण्यासाठी पाड्यापाड्यांवर लागायच्या. पेटी विकायला जव्हारच्या बाजाराला गेला की तो रेग्यांच्या मागच्या दारी जाऊन उभा राही. हिरी बाहेर येई. कडेवर रेग्यांचा मोरू. ती घरची विचारपूस करी, आणि मध्येच मोरू तिच्या नाकातली चमकी ओढी. मग ती हसे. ते हसणं ऐकायला सावळा एवढा डोंगर तुडवत आलेला असे. पण परत जाताना शिरपामाळावर टेकला की त्याला वाटे, हे हसू आपल्यासाठी नव्हतं. घरी येऊन तो चूल पेटवी आणि एकट्यापुरतं पीठ घेताना दर वेळी जास्तच घेई.

त्या दिवशी हिरी दारात आली ती मोरूचा हात धरूनच. पोराच्या तळव्याला चिंधी बांधलेली होती.

"हा चालाया लागला," ती म्हणाली. "दिसेल ते धरून उभा राहतो. पडवीत दुधाचं फडताळ हाय, त्याचा पत्रा लागला. किती रगत गेलं! तू कडा झाकून दे."

मागच्या पडवीत हिरी आणि मोरू झोपत. तिथेच ते फडताळ होतं, बाजारातून आणलेलं. सागाची चौकट, मांजराच्या भीतीनं चारी बाजूंना पत्रा, हवेसाठी त्याला भोकं पाडलेली. करणाऱ्यानं पत्रा कापून तसाच ठोकला होता. सावळानं कडेवरून बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं.

तो कामाला बसला. आधी कानशीनं कडा घासल्या. जिथं पत्रा चौकटीबाहेर आला होता, तिथं तो लाकडी हातोडीनं हळूहळू आत दुमडला. दारांच्या कडेला दुमडायला पत्रा पुरत नव्हता. तिथं त्यानं बांबूच्या बारीक काड्या घेतल्या, प्रत्येक काडीला उभी चीर दिली, भिजवून मऊ केल्या आणि कडेवर बसवल्या. मग तारेनं आवळून तारेची टोकं आत वळवली.

हिरी जवळच बसली होती. मोरू तिच्या मांडीवरून उतरून सावळाच्या हत्यारांकडे येई, ती त्याला मागे ओढी. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा सावळानं त्याच्या हातात बांबूचा गुळगुळीत तुकडा दिला. मोरूनं तो तोंडात घातला आणि सावळाच्या गुडघ्याला धरून उभा राहिला. सावळा काम थांबवून तसाच बसला. पोर हलेपर्यंत त्यानं गुडघा हलवला नाही.

"आपली असती तर ती पण चालली असती," हिरी म्हणाली.

मुलगी गेल्यापासून दोघांत तिचा विषय पहिल्यांदाच निघाला होता. सावळानं मान हलवली.

"हे लोक नाशिकला चाललेत," ती पुढे म्हणाली. "रेगेसाहेबांनी इथली नोकरी सोडली. तिकडं लगीन ठरलंय त्यांचं. मोरूच्या आत्याबाय मला म्हणतात, तू पण चल."

सावळानं शेवरीचा कापूस काढला आणि कडेवरून फिरवू लागला. पत्र्याचं टोक कुठं राहिलं असेल तर तिथं कापसाचा तंतू अडकतो. एका ठिकाणी अडकला. त्यानं तिथं पुन्हा कानस मारली. सकाळी संपेल असं काम दुपार ढळली तरी चाललं होतं.

"तू काय बोलत का नाहीस?" हिरी चिडली. "मला ये म्हण."

"म्हटलं तर येशील?"

"म्हणून तर बघ."

"ये," सावळा म्हणाला. "मला घरात करमत नाय, हिरे. ये तू."

ती कितीतरी वेळ मोरूच्या चिंधीची गाठ सोडत आणि बांधत राहिली. मग म्हणाली, "गाड्या निघायच्या दिवशी ये न्यायला."

गाड्या निघाल्या त्या सकाळी हिरीनं मोरूला पोटभर पाजलं आणि झोपल्यावर आत्याबाईंच्या मांडीवर दिलं. फडताळ मागच्या गाडीत गोणपाटात गुंडाळून बांधलेलं होतं. नाशिकचा रस्ता आणि पोशेऱ्याचा रस्ता मोखाड्याच्या बाजूला बराच एकच होता, म्हणून सावळा आणि हिरी गाड्यांमागून चालत निघाली. हिरीचं लक्ष सारखं पुढच्या गाडीच्या कापडाकडे.

पोशेऱ्याचा फाटा जवळ आला आणि मोरू जागा झाला. आधी कुरकुर, मग रडणं, मग त्यानं हाका मारायला सुरुवात केली. "हिली! हिली!" त्याला र म्हणता येत नव्हता. हिरी पळत गेली आणि गाडीच्या मागच्या दांडीला धरून चालू लागली. आत्याबाईंनी गाडी थांबवली. मोरूनं दोन्ही हात पुढे केले.

"हिरे, अजून वेळ आहे, चढ गं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. "मी तुला अंतर देणार नाही."

सावळा फाट्यावर उभा होता. खांद्यावरचं गाठोडं त्यानं खाली ठेवलं. "जा," तो म्हणाला. "जायचं असलं तर जा. मी रागावणार नाय."

हिरीनं मोरूचा बरा झालेला तळवा आपल्या गालावर दाबला. मग त्याचे हात आत्याबाईंच्या पदरात सारले आणि गाडीवानाला म्हणाली, "हाक, दादा." गाड्या वळणाआड गेल्या तरी रडणं ऐकू येत होतं. ते ऐकू येईनासं झाल्यावरच ती फाट्याकडे वळली.

घरी आल्यावर तिची छाती दाटली, ताप भरला. माघीनं पाला वाटून बांधला. दूध आटलं. हिरी शेतावर जाऊ लागली, नागलीचं दळण दळू लागली, शेजारणींशी बोलू लागली. सावळाचं घर भरलं. ज्या घरासाठी तो दीड वर्ष झुरला, ते त्याला मिळालं होतं. पण संध्याकाळी ती अंगणात उभी राहायची, एका बाजूला कंबर काढून, कडेवर कुणी असल्यासारखी. आणि ध्यानात आलं की सरळ व्हायची. सावळाला ते दिसे. तो न बघितल्यासारखं करी. ओढ म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं, फक्त आता ती दुसऱ्याच्या अंगात बसलेली बघायची होती.

थंडीच्या एका सकाळी ती चुलीपुढे बसली होती. सावळा उठून तिच्याजवळ गेला.

"आता त्याला र म्हणता येत असेल का गं?" त्यानं विचारलं.

हिरीनं चमकून वर बघितलं. फाट्यावरून आल्यापासून त्या घरात मोरूचं नाव निघालं नव्हतं.

"येत असेल," ती म्हणाली, आणि तिचं तोंड वाकडं झालं. ती खूप रडली. सावळा शेजारी बसून राहिला. मग नाक पुसून ती सांगू लागली: तो झोपताना कान कसा धरायचा, पेज खाताना कसा थुंकायचा, कावळ्याला काय म्हणायचा. सावळा मध्ये मध्ये विचारत होता, आणि ती सांगत होती.