टेकडीचा फेरा

घड्याळजीची बायको शाळेची बस चालवायची. मुलं घरोघरी पोचवून झाली की ती घरामागच्या टेकडीवर पळायला जायची. फेरा लहानसा, पण सगळा दगडगोट्यांचा. "तुम्हीपण चला की एकदा," ती म्हणायची. "देवानं पाय दिलेत ते दुकानापर्यंत जायला," असं म्हणून घड्याळजी हसण्यावारी न्यायचा.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तो एका घड्याळाचं पोट उघडून बसला होता.

"अहो, दगड सरकला. पाय अडकलाय खाली. रक्त थांबत नाहीये..."

पुढे नुसती खरखर. त्याने पुन्हापुन्हा लावला, पण फोन बंद. शेजारच्या टेलरला "टेकडीपाशी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा" एवढं सांगून तो दुकान उघडं टाकून धावत सुटला.

टेकडीच्या पायथ्याशी वाटेला दोन फाटे होते. ती कुठल्या बाजूने चढते? घड्याळजी जागीच थबकला. इतकी वर्षं संसार केला आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. जेवताना ती फेऱ्याबद्दल भरभरून बोलायची, तो नुसता "हं, हं" करायचा.

कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंना त्याने विचारलं. "कोणी इकडून जातं, कोणी तिकडून," त्या म्हणाल्या. "फेराच तो, कुठूनही गेलात तरी इथेच येणार."

डावीकडचा चढ सोपा दिसला, म्हणून त्याने तिला जिवाच्या आकांताने हाका मारत डावी वाट धरली.

थोड्याच वेळात चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी पळताना तो दोनदा आपटला, गुडघा सोलवटला, श्वास घशात अडकायला लागला. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसेल. दिसायचे ते दगडच. माथा ओलांडला तेव्हा त्याला हाक मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

पलीकडच्या उतारावर, उजवी वाट जिथून सुरू होते त्या पायथ्याजवळच, ती दिसली. पोटरीवर धोंडा. ओठ पांढरेफटक. ओढणीने तिने मांडी आवळून बांधली होती.

"आलात," ती म्हणाली. "तुमची हाक ऐकली मी. इथे खालीच होतात. मी ओ दिली, पण आवाजच फुटेना. मग हाका लांब लांब जायला लागल्या."

घड्याळजीने धोंड्याला खांदा लावला. नाजूक काट्यांशी खेळणारे हात ते, धोंडा तसूभर हलला नाही. तो ओरडला, रडला, पुन्हा खांदा लावला. अखेर त्या कुत्रेवाल्या बाई अ‍ॅम्ब्युलन्सच्या माणसांना घेऊन वर आल्या, तेव्हा कुठे पहारीने धोंडा निघाला.

जीव वाचला, पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीत नीट बोलायला लागली. घड्याळजी खाटेजवळ बसून होता.

"तू नेहमी उजवीकडूनच चढायचीस?"

"नेहमी."

"का गं?"

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. "सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "खूपदा."

नर्स पट्टी बदलायला आली आणि तिने त्याला बाहेर थांबायला सांगितलं.